तिसऱ्यांदा भरलेला फॉर्म

मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा फॉर्म मी तीन वेळा भरला, आणि तिन्ही फॉर्मांवरच्या फोटोंत माझा चेहरा वेगवेगळा आहे. पहिल्या फोटोतली मुलगी समोर आली की आई अजूनही मोबाइल पालथा ठेवते. मला मात्र आता तिच्याकडे बघायला काही वाटत नाही. बिचारी फोटोग्राफरने सांगितलं तसं समोर बघत होती, एवढंच.

आम्ही मयूर विहारचे. बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात, आई शाळेत गणित शिकवते. मी तिथेच जन्मले, तिथेच वाढले. घरात मराठी, जिन्यात हिंदी. दहावीला चौऱ्याण्णव टक्के पडले तेव्हा सोसायटीच्या गेटवरचे गार्डकाकासुद्धा मला ‘डॉक्टरसाब’ म्हणायला लागले. मला डॉक्टर व्हायचंय असं मी कुणाला सांगितल्याचं आठवत नाही, पण नाही असंही कधी म्हणाले नव्हते. बाबांनी लक्ष्मीनगरच्या एका कोचिंग क्लासमध्ये नाव घातलं आणि सगळं रीतसर सुरू झालं.

अकरावीत काय बिघडलं ते मला आजही धड सांगता येत नाही. कुणी छळलं नाही, कुणी टाकून बोललं नाही. एके दिवशी फिजिक्सच्या पानावरची एकच ओळ मी तासभर वाचत बसले आणि ती काही केल्या आत जाईना. मग असे दिवस वाढत गेले. केस धुवायचा कंटाळा, फोन उचलायचा कंटाळा. कंटाळा हा शब्दही बरोबर नाही, कारण कंटाळलेल्या माणसाला निदान दुसरं काहीतरी हवं असतं. मला काहीच नको होतं. मार्क घसरायला लागले तेव्हा मनातून जरा बरं वाटलं, म्हटलं आता कुणीतरी विचारेल. आईने विचारलं, पण मार्कांचं. ‘पुढच्या टेस्टला करते’ म्हणून मी मोकळी झाले. बारावीच्या सहामाहीत फिजिक्सला सत्तरपैकी अकरा मिळाले. आईने तो पेपर स्वतः पुन्हा तपासला आणि तिच्या हिशेबानेही अकराच आले.

दिवाळीनंतर मी क्लासला जाणं सोडलं. घरातून मात्र वेळेवर निघत होते. लक्ष्मीनगरला जायला आमच्या स्टेशनातून ब्लू लाइन धरावी लागते. मी तिथल्या तिथे वळून पिंक लाइनवर जायची, एका कोपऱ्यातली सीट पकडायची आणि गाडी नेईल तिकडे जायची. खूप लांब गेल्यावर उतरून समोरच्या गाडीत बसायचं आणि परत यायचं. तिथे कुणी काही विचारत नसे. पुढचं स्टेशन कुठलं, दरवाजा कुठल्या बाजूला उघडणार, हेही कुणीतरी दुसरंच सांगायचं. मला तेवढंच झेपत होतं.

डिसेंबरातल्या एका दुपारी मी अशीच परत येत होते. सरोजिनी नगरला दरवाजा उघडला आणि बाबा आत आले. हातात ऑफिसची फाइल, खांद्याला डब्याची पिशवी. कुठल्याशा दुसऱ्या ऑफिसात काम उरकून ते घरी निघाले होते. त्यांनी मला पाहिलं. मी त्यांना पाहिलं. त्या वेळी मी क्लासमध्ये असायला हवी होते, हे दोघांनाही पक्कं माहीत होतं. ते येऊन शेजारी बसले.

“रोज?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“केव्हापासून?”

“दिवाळीपासून.”

“अच्छा,” बाबा म्हणाले.

पुढे बरीच स्टेशनं गेली. मी वाट बघत होते की आता ओरडतील, निदान पैसे भरून क्लास लावलाय हे तरी काढतील. मयूर विहार आलं. मी उठायला लागले, तर बाबांनी माझी बाही धरून मला खाली बसवलं. दरवाजा बंद झाला, गाडी पुढे निघाली. त्यांनी डबा उघडला. दुपारची अर्धी पोळी आणि कोबीची भाजी उरली होती. मेट्रोत खायला मनाई आहे आणि बाबा नियमाबाहेर पाऊल टाकणारे नव्हेत, पण त्यांनी इकडेतिकडे बघून पोळीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

“मला काय झालंय ते मला कळत नाही, बाबा,” मी म्हणाले. एवढं एक वाक्य बोलायला मला वर्ष लागलं होतं.

“मलाही कळत नाहीये,” ते म्हणाले. “ज्याला कळतं त्याला विचारू या. चलो, आधी ही पोळी संपव.”

शेवटच्या स्टेशनावर उतरून आम्ही चहा प्यायलो आणि उलट्या गाडीने घरी आलो.

आईने आधी मानलंच नाही. “आपल्यात असलं कुणाला नाही,” असं म्हणाली, मग स्वयंपाकघरात जाऊन तिने फरीदाबादला मामीला फोन लावला. मामी नर्स आहे. ती नगरच्या मराठी ख्रिस्ती घरातली. मामाने तिच्याशी लग्न केलं तेव्हा आजोळी म्हणे वर्षभर अबोला होता, पण मी जन्मल्यापासून घरात कुणाला शिंक आली तरी पहिला फोन तिलाच जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मेट्रो बदलून ती आमच्या दारात उभी राहिली. तिने माझ्या पापण्या खाली ओढून बघितल्या, जीभ बघितली, नखं दाबून बघितली, पाळी कधी आली ते विचारलं.

“आधी रक्त तपासू, मग मन,” ती म्हणाली. “आणि ताई, तुम्ही रडायचं असेल तर आत्ताच रडून घ्या. डॉक्टरांकडे गेल्यावर हिला बोलू द्या.”

आई खरंच तिथेच बसून रडली. मग उठून तिने मामीसाठी पोहे केले.

थायरॉइड ठीक निघालं, रक्त थोडं कमी होतं. मग आम्ही मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. पांढऱ्या केसांच्या, मोठ्या चष्म्याच्या बाई होत्या. त्यांनी आईबाबांना बाहेर बसवलं आणि माझ्याशी जवळजवळ तासभर हिंदीतून बोलल्या. ह्याला डिप्रेशन म्हणतात, हा आजार आहे, ह्याला औषध आहे, आणि औषधाला वेळ लागतो, अशा चार गोष्टी त्यांनी सांगितल्या. शेवटी विचारलं, “क्या करना अच्छा लगता है?”

“कुछ नहीं.”

“अच्छा, तो सबसे कम बुरा क्या लगता है?”

मी पुष्कळ विचार केला. मग म्हणाले, “मटर छीलना.”

त्या हसल्या नाहीत. चिठ्ठीवर गोळीच्या नावाखाली त्यांनी नीट अक्षरांत लिहिलं: मटर छीलना, रोज़, धूप में बैठकर.

दिल्लीच्या थंडीत मटार कसा मिळतो हे ज्याने पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. आईने ती चिठ्ठी अक्षरशः पाळली. रोज सकाळी बाल्कनीत उन्हात चटई, चटईवर मटारचा ढीग आणि ढिगापलीकडे मी. पहिला आठवडा मी नुसती सोलत होते. दुसऱ्या आठवड्यात एक दाणा तोंडात टाकला आणि तो गोड लागला. बऱ्याच महिन्यांत मला काही गोड लागलं नव्हतं. घरात मटारची उसळ, मटारभात, मटारच्या करंज्या, मटारचे पराठे असा रतीब सुरू झाला. फ्रीझर भरला, मग शेजारच्या काकूंचा फ्रीझर भरला. जानेवारीत एकदा बाबा ताटावर बसून अगदी नम्रपणे म्हणाले, “डॉक्टरांना विचार ना, गाजर चालेल का?” मी हसले. आई हातातला चमचा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली.

पण मटार सोलून बारावी होत नाही. परीक्षेला जेमतेम दोन महिने उरले होते. मेडिकलला बसायचं तर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून निम्मे मार्क लागतात. मला त्रेपन्न टक्के मिळाले. आईने तीनदा बेरीज केली. बाबा म्हणाले, “पाहिजेत त्यापेक्षा तीन जास्तच आहेत.” ते चेष्टा करत नव्हते. मेमध्ये मी प्रवेशपरीक्षेलाही बसून आले, कारण फॉर्म आधीच भरलेला होता. येत होती तेवढी उत्तरं दिली आणि उरलेला वेळ खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे बघत काढला. निकाल लागायचा तसाच लागला. सोसायटीतल्या बायका आईला जिन्यात गाठून विचारायला लागल्या, तेव्हा मामीने फोन केला. “हिला माझ्याकडे पाठवा. अभ्यासाला नाही, अशीच. मला मदतनीस हवी आहे.”

मामी फरीदाबादच्या कारखान्यांच्या भागात एका धर्मादाय दवाखान्यात काम करते. तिथे कामगारांचे कान तपासतात. फळ्यांची एक छोटी बंद खोली आहे. आत पेशंटला हेडफोन लावून बसवायचं, बारीक-मोठे आवाज सोडायचे, आणि आवाज आला की त्याने बोट वर करायचं. मामी आत तपासायची, मी बाहेर टेबलाशी बसून नावं पुकारायची. पहिल्या दिवशी मी तीन नावं पुकारली आणि एकही माणूस उठला नाही. मामी दार उघडून बाहेर आली.

“अगं पोरी, ही माणसं वीस-वीस वर्षं पत्रा कापायच्या मशीनशेजारी उभी राहिलीत. तुझी कुजबुज कुणाला ऐकू जाणार? पोटातून आवाज काढ!”

वर्षभर घरात मी चार शब्दांच्या वर बोलत नव्हते, तेही पुटपुटत. इथे मला गल्लीतल्या भाजीवाल्यासारखं ओरडणं भाग होतं. पहिल्या आठवड्यात घसा बसला. मामीने मिठाच्या गुळण्या करायला लावल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खुर्चीत बसवलं. महिन्याभरात माझा आवाज रस्त्यापर्यंत जायला लागला. मामा संध्याकाळी घ्यायला यायचा तो म्हणायचा, “तुझं ऐकतच आलो, कोपऱ्यावरून.”

तिथे एक चाचा यायचे. बिहारचे, पत्रा ठोकायच्या प्रेसवर काम करणारे, पन्नाशीचे. त्यांची पक्की समजूत होती की कान त्यांचे शाबूत आहेत, जगच अलीकडे हळू बोलायला लागलंय. “आजकल किसी में दम ही नहीं रहा, बिटिया,” असं ते मला मोठ्याने सांगायचे. तपासणी झाली, डॉक्टरांनी यंत्र लिहून दिलं, आणि काही आठवड्यांनी ते आलं. मामीने त्यांच्या कानात यंत्र बसवलं आणि मला म्हणाली, “ह्यांना जरा चालवून आण.”

चाचा उठले, दोन पावलं चालले आणि थांबले. खाली बघितलं. पुन्हा दोन पावलं चालले.

“यह क्या बज रहा है?”

“आपकी चप्पल, चाचा.”

“मेरी चप्पल इतना बोलती है?”

मग तो पन्नाशीचा माणूस त्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत आपली चप्पल ऐकत चालत राहिला. जोरात, मग हळू, मग मुद्दाम पाय घासत. रांगेतले लोक हसायला लागले. चाचाही हसायला लागले, आणि स्वतःचं हसू ऐकून दचकले, मग आणखी हसले. मी टेबलाशी उभी राहून टाळ्या वाजवत होते. पुढच्या आठवड्यात ते तक्रार घेऊन आले. “घरवाली रोटी बनाते हुए गाती है! इतने साल से गा रही है, हमको किसी ने बताया ही नहीं।”

“अच्छा गाती हैं?” मी विचारलं.

चाचा टेबलावर वाकले आणि जमेल तेवढ्या हळू, म्हणजे सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं म्हणाले, “एकदम बेसुरा।” त्यांचा चेहरा असा उजळला होता की त्या माउलीचं गाणं एकदा ऐकायला जावं असं मला वाटलं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी मामीला विचारलं, “कानाच्या आत नेमकं काय बिघडतं गं?” मामीने माळ्यावरून तिचं नर्सिंगचं जुनं पुस्तक काढून दिलं. त्यात कानाचं चित्र होतं, आतल्या भागात शंखासारखं वेटोळं, आणि त्या वेटोळ्यात बारीक केसांसारख्या पेशी. सतत मोठा आवाज झाला की त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. मी तीन पानं वाचली. मग मागे जाऊन आणखी पाच वाचली. मामी जेवायला हाका मारत होती ते मला ऐकू आलं नाही. गंमत म्हणजे हा भाग प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासक्रमातून त्या सुमारास काढून टाकलेला होता. कुणी मार्क देणार नाही असं काहीतरी मी वाचत होते आणि मला ते कळत होतं.

जेवायला बसल्या बसल्या मी म्हणाले, “मामी, मला पुन्हा फॉर्म भरायचाय.”

मामी जेवायच्या आधी डोळे मिटून प्रार्थना करते. तिने डोळे न उघडताच म्हटलं, “आमेन. भाजी वाढून घे.”

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. मयूर विहारला परत येऊन मी पुन्हा क्लास लावला. गोळ्या चालू होत्या. काही सकाळी अंगावरची रजई बाजूला करायलाच दहा वाजायचे. तरी दुसऱ्या खेपेला मी खूप वर आले, फक्त सीट मिळण्याइतकी वर नाही. शेवटच्या फेरीपर्यंत आम्ही यादी बघत राहिलो. नाव लागलं नाही तेव्हा मी खोलीचं दार लावून चार दिवस पडून राहिले. पाचव्या दिवशी मला भीती वाटायला लागली की ते मागचंच परत येतंय. मी उठून स्वतः डॉक्टरांना फोन केला. त्यांनी झोप विचारली, जेवण विचारलं. मग विचारलं, “रोना आया?”

“बहुत.”

“बढ़िया!” त्या म्हणाल्या. “पिछली बार नहीं आता था, याद है? यह बीमारी नहीं है, बेटा, यह दुख है. दो-चार दिन और कर लो, फिर नहाकर मेरे पास आओ.”

मी दोन दिवस आणखी दुःख केलं आणि मग मला खरंच भूक लागली.

तिसऱ्या वर्षी मी क्लास लावला नाही. फिजिक्स मला आईने शिकवलं, म्हणजे आम्ही दोघी मिळून शिकलो. आईचं गणित पक्कं, पण फिजिक्सला ती कॉलेजात घाबरायची हे तिने मला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. शाळेतून आली की जेवणाच्या टेबलावर आम्ही वही उघडून बसायचो. एकदा कप्पीचं आणि दोरीचं एक उदाहरण तीन दिवस सुटत नव्हतं. चौथ्या दिवशी आईने भाजी फोडणीला टाकून तिथूनच हाक मारली, “अगं, दोरी दोन्हीकडे सारखीच ताणलेली आहे ना! आपण वेगवेगळी धरत होतो!” ती झारा घेऊन बाहेर आली, मी वही घेऊन उभी राहिले, उत्तर बरोबर आलं, आणि आम्ही दोघी टेबलाभोवती नाचलो. भाजी लागली. बाबांनी ती निमूट खाल्ली.

त्याच टेबलावर आई एकदा पेन बाजूला ठेवून म्हणाली, “त्या वर्षी मी तुझा पेपर तपासत बसले. तुला तपासायला हवं होतं.” मी तिच्या हातावर हात ठेवला आणि आम्ही पुढचं उदाहरण घेतलं.

तिसरा फॉर्म बाबांच्या देखरेखीखाली भरला गेला. नियम असा की फोटोत चेहरा मोठा दिसायला हवा, मागे पांढरं हवं आणि दोन्ही कान स्पष्ट दिसायला हवेत. त्या रविवारी आलेली मामी स्टुडिओत फोटोग्राफरच्या खांद्यामागे उभी राहून माझे केस मागे सारायला सांगत होती. “कान दाखव, कान! आमच्या खात्याची अब्रू आहे.” त्यामुळे तिसऱ्या फोटोत मी हसू दाबत असल्यासारखी दिसते. बाबांनी प्रत्येक रकाना मोठ्याने वाचला, मी भरला, त्यांनी पुन्हा वाचला. एका जागी माझ्या नावात त्यांना एक अक्षर कमी सापडलं तेव्हा त्यांना झालेला आनंद बघण्यासारखा होता.

निकाल लागला तेव्हा साइट उघडेना. बाबा चष्मा लावून एका बोटाने नंबर टाइप करत होते, आई मागे उभी होती, मी सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसले होते. पान उघडलं. बाबांनी आधी रोल नंबर ताडून बघितला. मग नाव. मग आईचं नाव, मग स्वतःचं नाव. “अहो, मार्क वाचा!” आई ओरडली. त्यांनी मार्क वाचले. मग म्हणाले, “अच्छा.” चष्मा काढून ठेवला, बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडला. बराच वेळ पाणी वाहत होतं. बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि डोळे लाल. “चलो,” म्हणाले, “फरीदाबादला फोन लावा.” फोनवर मामी इतकी ओरडली की मामाने तिच्या हातून फोन काढून घेतला.

माझ्या मार्कांना दिल्लीत सीट मिळणं शक्य नव्हतं. देशभरच्या कॉलेजांची यादी करताना बाबांनी नकाशाच पसरला होता. मला महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावचं सरकारी कॉलेज मिळालं, जिथे आमचं ओळखीचं कुणीही नव्हतं. प्रवेशाच्या कागदांत एक गॅप सर्टिफिकेट मागितलं होतं. बारावीनंतरची दोन वर्षं तुम्ही कुठे होता ते शपथेवर लिहून द्यायचं. कोर्टाबाहेर झाडाखाली टायपिस्ट बसतात, त्यांतल्या एका म्हाताऱ्या काकांकडे मी आणि बाबा गेलो.

“गैप में क्या किया?” त्यांनी विचारलं.

बाबांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, “बीमार थी. ठीक हो गई. फिर पढ़ाई की.”

काकांनी चष्म्यावरून बघितलं. “इतना लिखना नहीं पड़ता. बस, कहीं और दाख़िला नहीं लिया, यही लिखते हैं.” त्यांनी टाइप केलं, कागद ओढून काढला, मग माझ्या हातात देताना म्हणाले, “ठीक हो गई, यह अच्छा किया.”

त्याहून मोठा वाद घरी झाला तो मेडिकल फिटनेसवरून. प्रवेशाच्या वेळी तिथले डॉक्टर तपासतात. आई म्हणाली, गोळ्यांचं सांगू नकोस, सीट जाईल. मामी म्हणाली, सांग, डॉक्टरांपासून काय लपवायचं. बाबा म्हणाले, विचारलं तर सांग, नाही विचारलं तर गप्प बस. तिघांचीही मतं घेऊन मी बाबांबरोबर गाडीत बसले.

तिथल्या सरांनी उंची, वजन, डोळे, छाती तपासली आणि कागदावर बघत विचारलं, “काही औषध चालू आहे?”

“हो सर. डिप्रेशनचं. अडीच वर्षं झाली. आता डोस बिल्कुल कमी आहे.”

त्यांनी मान वर केली. “आपण होऊन बंद केलं होतं का मध्ये?”

“नाही सर.”

“शाबास. झोप बरी लागते?”

“लागते.”

“आमच्याकडे मानसोपचार विभाग आहे, तिथे दर महिन्याला जात जा. इथे तुझ्यासारखे पुष्कळ आहेत, तू सांगितलंस एवढंच.” त्यांनी ‘फिट’ असं लिहून सही ठोकली. “आणि मेसचं जेवण वाईट आहे. त्यावर आमच्याकडे औषध नाही.”

मी बाहेर येऊन बाबांना सांगितलं. ते आधी मोठ्याने हसले, मग तिथल्या तिथे आईला फोन करून सगळा संवाद त्यांनी दोनदा सांगितला.

कॉलेज सुरू झालं आणि मला कळलं की माझं मराठी अर्धंच आहे. दिल्लीच्या घरात दुखण्याला आमच्याकडे एकच शब्द होता, तो म्हणजे ‘दुखतंय’. इथे पहिल्या वर्षाच्या मुलांना जवळच्या खेड्यातली काही घरं वाटून देतात, त्यांच्याकडे अधूनमधून जाऊन तब्येतीची चौकशी करायची. माझ्या वाट्याला आलेल्या घरातल्या आजींनी पहिल्याच भेटीत सांगितलं की गुडघ्यात ठणका आहे, कमरेत चमक भरते, आणि बोटाला परवा काटा लागला ते ठुसठुसतंय. मी वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, “आजी, ठणका आणि ठुसठुस ह्यात फरक काय?”

आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. “कुठली गं तू?”

“दिल्लीची.”

“मग बरोबर.” त्यांनी माझा दंड पकडला. “हे बघ, ठणका म्हंजे असा,” आणि मुठीने दंडावर थांबून थांबून चार दणके दिले. “अन् ठुसठुस म्हंजे अशी,” म्हणून नखाने एकाच जागी हळूहळू टोचत राहिल्या. मी ओरडले. त्यांची सून दारात येऊन बघायला लागली. “आता चमक दाखवते,” आजी म्हणाल्या, आणि मी हात सोडवून वही पुढे धरली, “नको आजी, चमक कळली!”

आजी पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, “पुरी डॉक्टर व्हायला किती वर्सं लागतात?”

“साडेपाच.”

त्यांनी बोटांवर मोजलं, एकदा माझ्याकडे आणि एकदा आपल्या गुडघ्याकडे बघितलं.

“थांबते मग,” म्हणाल्या, आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.